टिंब म्हणजे मी आहे

हा लेख लिहू का, असं मी प्रशांतला विचारलं तेव्हा त्याचं उत्तर आलं, "लिहा. पण मी तेव्हा दुःखी होतो असं लिहू नका. मी घाबरलेलो होतो. दोन्ही वेगळं असतं." प्रशांत हे त्याचं खरं नाव नाही. बदललेलं नावही त्यानेच सुचवलं. शाळेत त्याच्या वर्गात चार प्रशांत होते म्हणे, तेव्हा कोणाला काही पत्ता लागायचा नाही. माणसांची ओळख पटू नये म्हणून मीही इकडचं तिकडे थोडं फिरवलंय. भीती मात्र होती तशीच ठेवली आहे. त्याची आणि माझीही, कारण त्या दिवसांत आम्हा दोघांत जास्त कोण घाबरलं होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी समुपदेशक होते. म्हणजे लोकांचं ऐकून घ्यायचं, सल्ला द्यायचा मोह आवरायचा आणि त्यांना स्वतःचं म्हणणं सापडेपर्यंत सोबत बसायचं, हे माझं काम. मुंबईतल्या एका लहानशा संस्थेत बरीच वर्षं काढल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला. नेमकं तेव्हाच संस्थेने इंटरनेटवरून समुपदेशन सुरू करायचं ठरवलं आणि मी मीरा रोडच्या माझ्या घरातल्या, गॅलरीलगतच्या खोलीत संगणक मांडून बसले. नव्या शतकाची पहिली काही वर्षं सरली होती. ब्रॉडबँडची वायर बिल्डिंगच्या गच्चीवरून लोंबत खिडकीतून आत आली होती आणि कावळे तिच्यावर बसले की मी त्यांना हुसकवायला धावायचे. शेजारच्या हंसाबेन दार उघडं दिसलं की विचारायच्या, "आखा दिन कम्प्युटर पे क्या करते हो? शेअर का काम करते हो क्या?" मी 'तसंच काहीतरी' म्हणून सुटका करून घ्यायची. माणसं बोलण्यासाठी संगणकावर येतात हे त्यांना पटलं नसतं. सुरुवातीला मलाही पटलं नव्हतं.

आमच्याकडे येणारी मंडळी मोठी, कमावती असायची. कोणाचं लक्ष एका जागी ठरत नसे, कोणाला गर्दी आणि आवाज सोसत नसे, कोणाला समोरच्याच्या चेहऱ्यावरून राग-लोभ ओळखता येत नसे. आज यासाठी चांगले शब्द आले आहेत. मेंदूची ठेवण वेगळी असते, हे लोक हळूहळू मान्य करू लागले आहेत. तेव्हा विक्षिप्त, हट्टी, एककल्ली, माणूसघाणा असे शब्द होते आणि ते ऐकतच ही मुलं मोठी झालेली असायची. अशा पुष्कळ जणांना तोंडाने बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, पण टाइप करायला दिलं की बोटं भरभर चालतात. म्हणून आमचं सगळं बोलणं टाइप करून. आवाज नाही, चेहरा नाही. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, एका लहानशा चौकटीत, ओळीखाली ओळ.

या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसलेल्या माणसाला ओळखणं. समोर खुर्चीत बसलेला माणूस गप्प झाला तर दिसतं की तो रडतोय, विचार करतोय की कंटाळलाय. संगणकावर फक्त रिकामी चौकट. पलीकडचा चहा आणायला गेलाय की त्याच्या डोक्यात काही भलतं चाललंय, कळायला मार्ग नाही. मी जात्याच काळजीखोर. नवरा म्हणायचा, "तुझे लोक बोलले तरी तुला काळजी, गप्प बसले तरी काळजी. तू स्वतःच एखादा समुपदेशक का बघत नाहीस?" शेवटी मी एक नियम केला. पहिल्याच भेटीत प्रत्येकाला सांगायचे, बोलावंसं वाटलं नाही तर फक्त एक टिंब पाठवा. टिंब म्हणजे मी आहे, पण आत्ता बोलत नाही. टिंब आलं की मी एवढंच लिहीन, 'वेळ घ्या.' प्रश्न विचारणार नाही. ज्याने कोणी टिंब शोधून काढलं त्याचं भलं होवो, त्या एका ठिपक्याने माझा रक्तदाब ताब्यात ठेवला.

दुसरी सोय चित्राची. संगणकात चित्र काढायचा साधा प्रोग्रॅम असतोच. माउस धरून त्यात काढायचं आणि पाठवून द्यायचं. सक्ती नाही. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याने काढावं, ज्याला नको त्याने काढू नये. आणि इथे आमचा सगळ्यात कडक नियम: चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही. 'चित्रात काय आहे?' एवढंच विचारायचं आणि उत्तर मिळेल ते खरं मानायचं. एक बाई दर वेळी एक निळा चौकोन पाठवायच्या. काय आहे विचारलं की लिहायच्या, 'निळा चौकोन.' मी मनात त्याचा बंद खोली, पाण्याची टाकी, तुरुंग असा काय काय प्रवास करून आले. पुष्कळ महिन्यांनी त्या आपणहून म्हणाल्या, त्यांना निळा रंग आवडतो. त्या दिवसापासून मी नियम पाळायला लागले.

प्रशांत एकतीस-बत्तिशीचा. भाईंदर पश्चिमेला आई-वडिलांबरोबर राहायचा. कुटुंब मूळचं रत्नागिरीकडचं, मुंबईतली चाळीतली खोली विकून इकडे आलेलं. एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात तो संगणकावर इमारतींचे नकाशे काढायचा आणि त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण घरी तीन-तीन दिवस तोंडातून शब्द नाही. त्याच्या आईनेच संस्थेत चौकशी केली होती. आमच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी त्याला तपासून स्वमग्नता असल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या आई म्हणाल्या होत्या, "ते लहान मुलांना असतं ना? हा तर केवढा घोडा झाला." दर बुधवारी संध्याकाळी तो माझ्या चौकटीत यायचा. यायची वेळ कधी चुकली नाही.

सुरुवातीला घरची तक्रार अशी होती की तो जेवणाच्या वेळी रागावून निघून जातो. भांडण नाही, तंटा नाही, अचानक चप्पल घालून बाहेर. मी विचारलं तर टिंब. मग एकदा त्याने चित्र पाठवलं. त्याच्या घराचा वरून दिसणारा नकाशा, अगदी मापात, आणि त्यात जागोजागी लाल डाग. स्वयंपाकघरात सगळ्यात मोठा डाग. चित्रात काय आहे, मी विचारलं. "आवाज," त्याने लिहिलं. कुकरची शिट्टी त्याला कानात सुई घातल्यासारखी लागायची. शिट्टी व्हायच्या आत तो घर सोडायचा आणि रिक्षाने मुर्ध्याला जायचा. तिथे जुन्या मिठागरांच्या बांधावर एक जागा होती, जिथे त्याच्या नकाशात एकही लाल डाग नव्हता. "ही जागा कोणाला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका," त्याने लिहिलं. मी शब्द दिला. कुकरचं त्याने स्वतः आईला लिहून सांगितलं. त्या माउलीने कुकर माळ्यावर टाकला आणि पातेल्यात भात शिजवायला लागली. रागीट मुलगा महिन्याभरात माणसात आला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. तो रागीट नव्हताच, पण मी वाद घातला नाही.

पुढच्या वर्षी एका बुधवारी त्याने आल्या आल्या लिहिलं, "रविवारी मोरव्याला मुलगी बघायला गेलो होतो. पसंत आहे असं आई म्हणाली."

"आणि तुम्हाला?"

टिंब.

"वेळ घ्या," मी लिहिलं आणि मनातल्या मनात आईबापांवर चिडले. बिचाऱ्याला बोहल्यावर ढकलतायत, लग्न झालं की सुधारेल हे आपल्याकडचं रामबाण औषध देतायत, वगैरे. तेवढ्यात ओळ आली, "मला लग्न हवंय."

मला ही शक्यता सुचलीच नव्हती. त्याला माणूस हवं होतं. रोज संध्याकाळी घरी एकच माणूस असेल आणि त्या माणसाची सवय होईल, असं त्याने लिहिलं. मी विचारलं, मुलीला तुमच्याबद्दल काय सांगितलंय?

"शांत, निर्व्यसनी, स्वतःचं घर. हे खरं आहे, पण पूर्ण नाही. जिना न दाखवलेला प्लॅन मंजूर होत नाही."

"मग तिला सांगायचंय तुम्हाला?"

"हो. आई नको म्हणते. मला तोंडाने सांगता येणार नाही. साखरपुडा चैत्रात आहे."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. त्याच्या चुलतभावाच्या लग्नात बँड सुरू झाल्यावर तो जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसला होता आणि चार पुरुषांनी त्याला ओढून काढलं होतं, हे मला त्याच्याच तोंडून, म्हणजे बोटांतून, कळलं होतं. आता बँड त्याच्यासाठी वाजणार होता. मुलीला काही माहीत नाही. लग्नानंतर तिने पहिल्यांदा टीव्ही मोठा केला, पहिल्यांदा माहेरची दहा माणसं जेवायला बोलावली की काय होणार? मी डॉक्टरबाईंना फोन केला. आपण मुलीकडे एक शब्द टाकावा का? त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. तो मोठा माणूस आहे. त्याची गोष्ट तो सांगेल. आपण पोस्टमन नाही." पटलं. पण पटल्याने काळजी कमी होत असती तर मी एव्हाना सुखी बाई झाले असते.

आणि मग एका दुपारी त्याची आई माझ्या दारात उभी राहिली. आमच्या कामात घरचे असे थेट घरी येत नाहीत. पत्ता त्यांनी कुठून मिळवला देव जाणे. पदराने घाम पुसत त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला.

"मॅडम, हे बघा. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर होतं. खालच्या दुकानातून छापून आणलं."

चित्र होतं. एक मुलगी पोह्यांची बशी पुढे करून उभी. साडीच्या काठाची नक्षी एकेक चौकट मोजून काढावी तशी. हात, बांगड्या, पायांची बोटं. उजव्या हाताच्या करंगळीजवळ एक तपकिरी डाग. बाकी सगळं होतं, आणि मानेच्या वर काही नव्हतं. कोरा पांढरा कागद.

"मुंडकंच नाय काढलं!" त्यांचा आवाज चिरकला. "लग्न ठरलेल्या पोरीचं असं चित्र? माझ्या नणंदेने बघितलं, ती म्हणाली अपशकुन आहे. मॅडम, त्याच्या मनात काय आहे सांगा मला. तो तिला काही करणार तर नाय ना? की स्वतःला?"

त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. अर्थ लावायचा नाही हा नियम मीच लोकांना शिकवत होते. पण बिनचेहऱ्याची नवरी समोर टेबलावर असताना नियम कुठल्या कुठे पळाला. निळ्या चौकोनाच्या वेळी निदान माझ्यासमोर कोणाची आई बसलेली नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्हालाच माहीत नाय तर कोणाला?"

"त्याला. त्याला विचारा ना. पण तोंडी नको. त्याच कॉम्प्युटरवर लिहून ठेवा, चेहरा का नाही म्हणून. आणि तो लिहील ते खरं माना."

"आईने मुलाला लिहून विचारायचं? एका घरात राहून?" त्या उठल्याच. "लोक हसतील आम्हाला." कागद घडी करून त्या निघून गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता तोवर मी दारातच उभी होते.

बुधवार यायला अजून अवकाश होता. मधल्या काळात मी पोळ्या करपवल्या, दुसऱ्या एका माणसाच्या बोलण्यात दोनदा चुकीचं नाव लिहिलं आणि नवऱ्यावर विनाकारण ओरडले. बुधवारी प्रशांतच्या नावापुढचा हिरवा दिवा लागला तेव्हा मी नमस्कारसुद्धा न लिहिता विचारणार होते. पण त्याच्याच ओळी आधी आल्या.

"आईने कॉम्प्युटरवर लिहून विचारलं, चेहरा का नाही. स्पेलिंगच्या चुका होत्या. मी उत्तर लिहिलं."

"काय लिहिलंत?"

"मी चेहरा पाहिला नाही. मी खाली बघत होतो. जे पाहिलं ते काढलं. न पाहिलेलं कसं काढणार?"

मी खुर्चीत मागे टेकले. एवढंच होतं. लग्न ठरलं होतं, साखरपुड्याचा हॉल ठरला होता आणि नवऱ्यामुलाने मुलीचा चेहरा पाहिला नव्हता. पण तिच्या करंगळीजवळचा डाग त्याने बरोबर पाहिला होता. "भाजल्याचा आहे," त्याने लिहिलं, "जुना."

त्याच्या उत्तराने त्याची आई हलली. त्या रात्रीनंतर मायलेक कितीतरी दिवस त्या एकाच कागदावर, म्हणजे पडद्यावरच्या कागदावर, एकाखाली एक लिहीत राहिले असं त्याने मला सांगितलं. त्यात त्याने त्या न दाखवलेल्या जिन्याचंही लिहिलं. शेवटी त्याने मागणं मांडलं की साखरपुड्याआधी मुलीला एकदा भेटायचं आहे आणि जे आहे ते सांगायचं आहे. कसं, तेही त्याने ठरवलं होतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत शेजारशेजारच्या दोन केबिन. एकीत तो, एकीत ती. टाइप करून बोलायचं. आईने मोरव्याला फोन करून सांगितलं, "मुलाला जरा मोकळेपणी बोलायचंय." त्या बाईसाठी तो फोन करणं किती जड गेलं असेल याची कल्पना मला आहे. मुलगी, तिला मनीषा म्हणू, भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात होती. टाइप करणं तिच्या रोजच्या कामातलं. ती हो म्हणाली.

प्रशांत भेटीच्या आदल्या दिवशी कॅफेत जाऊन आला. मला त्याने कॅफेचा नकाशा पाठवला. दार, मालकाचं टेबल, प्लायवूडच्या केबिन, पडदे, कुरकुरणारा पंखा, गाणी वाजवणारा स्पीकर. मालकाला त्याने दोन्ही बंद ठेवायची विनंती लिहून दिली होती. मालक म्हणाला होता, "अरे बॉस, इतना शांती तो मंदिर में भी नहीं होता," पण तयार झाला. शेवटी त्याने विचारलं, "तुमची चौकट उघडी ठेवू का? बोलणार नाही. फक्त टिंब."

रविवारी सकाळी मी संगणकासमोर बसले. मला काही करायचं नव्हतं, म्हणूनच ते कठीण होतं. शल्यविशारदाच्या हातात निदान कात्री असते. टिंब आलं. मी लिहिलं, 'वेळ घ्या.' आणखी एक टिंब. नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "कुकर लावू का?" "शिट्टी नको!" मी इतक्या जोरात म्हटलं की तो हसला. शिट्टी भाईंदरला ऐकू जाणार नव्हती हे मलाही कळत होतं.

मध्येच ओळ आली. "मी आवाजाचं सांगितलं. टेबलाखालचंही सांगितलं."

टिंब.

"तिने विचारलं, लहान बाळाच्या रडण्याचा आवाज चालेल का."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मी लिहिलं, माहीत नाही. बरोबर लिहिलं का?"

एखादं गोड उत्तर सुचवावं अशी फार इच्छा झाली. 'प्रयत्न करीन' लिहा, 'सवय होईल' लिहा. कोणाही आईने, मावशीने, मैत्रिणीने तेच सांगितलं असतं. "खरं आहे ना? मग बरोबर," मी लिहिलं.

टिंब. मग बराच वेळ काही नाही. मी 'वेळ घ्या' लिहिलं. काही नाही. आणि त्याच्या नावापुढचा हिरवा दिवा विझला.

दुपारची जेवणं झाली, म्हणजे नवऱ्याचं झालं. वायरवर कावळा बसलाय का ते मी तीनदा बघून आले. फोन वाजला तो त्याच्या आईचा.

"मॅडम, झालं समाधान? मुलगी नाय म्हणाली. मोडलं." त्या रडत होत्या. "माझा पोरगा गप्प होता, चार लोकांत खपून गेला असता. तुम्ही त्याला बोलतं केलंत. आणि आता तो घरी पण नाय आलाय. मुलीबरोबर आलेला तिचा भाऊ म्हणतो, कॅफेतून निघून रस्त्याने सरळ चालत गेला. त्याचे बाबा सगळीकडे बघून आले. मोबाइल घरी टाकून गेलाय. कुठे शोधू मी त्याला?"

मला माहीत होतं कुठे. मी शब्द दिला होता. माणसाने आपली सगळ्या जगात एकच शांत जागा मला विश्वासाने सांगितली होती. पण तिथे बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी असतं, भरतीच्या वेळी खाडी वर येते, आणि तो मोडलेलं लग्न घेऊन तिथे बसला असेल. शब्द पाळायचा की जीव वाचवायचा, अशी वेळ आली तर जीव, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवताना ते फार सोपं वाटतं.

"मुर्ध्याला," मी म्हटलं. "जुन्या मिठागरांच्या बांधावर. बाबांना एकट्याला जायला सांगा. हाक मारू नका म्हणावं. नुसतं जवळ जाऊन बसा."

संध्याकाळी मी फोन केला. "आहे घरात," एवढंच म्हणून त्या माउलीने फोन ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. रस्त्यात एकदा समोरून आल्या तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. त्यांना मुलाला सुखी बघायचं होतं आणि मलाही. त्यांनी त्याच्यासाठी कुकर माळ्यावर टाकला होता, मी काहीच टाकलं नव्हतं.

सोमवार, मंगळवार मी कामाला बसले ती नावालाच. तो येईल असं मला वाटत नव्हतं. मी त्याची जागा सांगून टाकली होती, आणि अशी माणसं शब्द मोडलेला विसरत नाहीत. बुधवारी त्याच्या वेळेआधीच मी चौकट उघडून बसले. त्याची वेळ झाली आणि हिरवा दिवा लागला.

"तुम्ही बाबांना जागा सांगितली," पहिली ओळ.

"हो."

"आता ती जागा गेली. बाबा येऊन बसले. त्यांनी खोकला दाबून धरला होता. मला ऐकू येत होता."

"मी शब्द मोडला. मी घाबरले होते."

"मला कळलं. मीपण घाबरलो होतो. दुसरी जागा शोधीन. सांगणार नाही."

"नका सांगू," मी लिहिलं.

मग तो कॅफेचं लिहीत गेला. इतकं सलग त्याने आधी कधी लिहिलं नव्हतं. मनीषाने सगळं वाचलं. तिनेही स्वतःचं लिहिलं. तिच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात, सणाला तीस माणसं असतात, तिला ते हवं असतं. तिने लिहिलं, तुमच्या घरात मी गुदमरेन आणि माझ्यामुळे तुम्ही. आधी सांगितलंत म्हणून नाही म्हणता येतंय. नंतर कळलं असतं तर मी कोणाला काय सांगणार होते? एवढं लिहून झाल्यावर ती उठली आणि त्याच्या केबिनचा पडदा बाजूला करून समोर उभी राहिली. असं टाइप करून नाही म्हणणं बरं नाही वाटत, म्हणाली. तोंडाने सांगते.

"मग?" मी विचारलं.

उत्तराऐवजी चित्र आलं. त्या वेळच्या इंटरनेटवर चित्र वरून खाली हळूहळू उलगडायचं. आधी प्लायवूडची कड, पडद्याची कडी. मग केस, मधला भांग. कपाळ. मग डोळे. डोळे सरळ बघणाऱ्याकडे लागलेले, जरा बारीक केलेले, काहीतरी कठीण पण नीट सांगणाऱ्या माणसाचे असतात तसे. नाक एका बाजूला किंचित वाकडं. ओठ अर्धवट उघडे. करंगळीजवळचा डागही होता, पडदा धरलेल्या हातावर. या वेळी काही राहिलं नव्हतं.

नियमाप्रमाणे मी विचारलं, "चित्रात काय आहे?"

"ती. नाही म्हणतेय. मी बघत होतो."

मी चष्मा काढला, पुसला, घातला. टाइप करायला बोटं ठेवली. इतक्या वर्षांच्या कामात साठलेली सगळी वाक्यं तयार होती आणि त्यातलं एकही चालणार नव्हतं. पलीकडे तो थांबला होता. चौकट रिकामी होती, आणि या वेळी ती माझ्यामुळे रिकामी होती.

शेवटी मी एक टिंब पाठवलं.

लगेच उत्तर आलं.

"वेळ घ्या, मॅडम."